काळा गॉगल, टेनिसचा बॉल आणि चारशे मीटर

अंध स्विमर रेस मारतो म्हणजे नेमकं काय करतो? भिंत आली हे त्याला सांगतं कोण? आणि नोकरी सांभाळून कुणी वर्ल्ड चॅम्पियन होतं का? एका अमेरिकन नेव्ही ऑफिसरची, एका जपानी हट्टी मुलाची आणि नागपूरच्या रिझर्व्ह बँकेतल्या एका मुलीची ही गोष्ट. मध्ये थोडी आमचीही!

'ब्रॅडली' नावाचं एक घड्याळ आहे. टायटॅनियमची गोल केस, वर काच नाही, काटे नाहीत. काट्यांच्या जागी दोन छोटे बॉलबेअरिंग. वरच्या खाचेत फिरणारा बॉल मिनिटं दाखवतो, कडेच्या खाचेतला तास. वेळ बघायची म्हणजे त्यावरून बोट फिरवायचं. लांबलचक मीटिंगमध्ये बॉसच्या नकळत वेळ बघायची असेल तर याच्यासारखं दुसरं घड्याळ नाही!

ह्यूंगसू किम नावाच्या तरुणानं ते २०१३ मध्ये बाजारात आणलं. तो एमआयटीत शिकत असताना शेजारी बसणारा एक अंध क्लासमेट त्याला सारखी वेळ विचारायचा. त्या मुलाकडे बोलणारं घड्याळ होतं, पण भर लेक्चरमध्ये ते बोलायला लागलं की अख्खा वर्ग वळून बघणार. किमनं आधी ब्रेलचं घड्याळ बनवून पाहिलं. अंध लोकांनीच त्यावर नाक मुरडलं. एक तर त्यांतल्या अनेकांना ब्रेल येत नव्हतं. आणि दुसरं म्हणजे त्यांचा पहिला प्रश्न असायचा, हे दिसतं कसं? रंग कोणता? मनगटावर फार मोठं तर वाटत नाही ना? बरोबरच आहे. आपल्याला दिसत नसलं तरी लोकांना आपण दिसतोच की.

आता या घड्याळाला ज्याचं नाव दिलंय, तो ब्रॅडली कोण? तर ब्रॅडली ऊर्फ ब्रॅड स्नायडर. अमेरिकन नेव्हीतला लेफ्टनंट आणि पॅरालिम्पिक स्विमर.

बरोबर एक वर्ष

स्नायडर लहानपणापासून पोहणारा. अमेरिकेच्या नेव्हल अ‍ॅकॅडमीतून तो २००६ मध्ये बाहेर पडला, तिथल्या स्विमिंग टीमचा कॅप्टन होऊन. पुढे बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकात गेला. आधी इराक, मग अफगाणिस्तान. ७ सप्टेंबर २०११ रोजी, आधीच्या एका स्फोटात जखमी झालेल्यांच्या मदतीला जाताना त्याचा स्वतःचाच पाय पेरलेल्या बॉम्बवर पडला. हातपाय वाचले. डोळे गेले, दोन्ही. वय वर्षं सत्तावीस.

सत्तावीस म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांचं वय. माझंही साधारण तेच. या वयात आपलं टेन्शन काय असतं? अप्रेझल, होम लोन, घरच्यांनी लावलेला लग्नाचा तगादा. याचं टेन्शन असं की ज्या कामात आपण हुशार होतो ते काम आता कधीच करता येणार नाही, आणि अजून पन्नासेक वर्षं तर काढायची आहेत.

स्नायडर काही महिन्यांतच पाण्यात परतला. कारण तसं साधं होतं. रस्त्यावर चालताना खांब, पायऱ्या, माणसं, सगळंच अंगावर येतं. तलावात काय, तर दोन बाजूंना दोन दोऱ्या आणि दोन टोकांना दोन भिंती. एवढा आटोपशीर नकाशा जमिनीवर कुठे मिळणार? पुढे त्यानं बाल्टिमोरमध्ये एका सॉफ्टवेअर स्टार्टअपमध्ये इंटर्नशिप धरली आणि तिथल्याच लॉयोला युनिव्हर्सिटीच्या तलावावर ब्रायन लेफलर या कोचकडे ट्रेनिंग घेतलं. म्हणजे ऑफिस आणि पूल, पूल आणि ऑफिस. ओळखीचं रूटीन वाटतंय ना?

२०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकमध्ये तो उतरला. १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण, ५० मध्ये रौप्य. आणि मग ४०० मीटरची फायनल. तारीख ७ सप्टेंबर २०१२, स्फोटाला बरोबर एक वर्ष. वेळ ४ मिनिटं ३२.४१ सेकंद, सुवर्णपदक. एखाद्या फिल्मच्या स्क्रिप्टमध्ये हे लिहिलं असतं तर 'जरा अति होतंय' म्हणून दिग्दर्शकानंच खोडलं असतं. पण वेळापत्रक त्यानं ठरवलं नव्हतं, आयोजकांनी ठरवलं होतं.

काठी मारणारा माणूस

इथे थोडी टेक्निकल माहिती देते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

पॅरा स्विमिंगमध्ये दृष्टिदोष असलेल्या खेळाडूंचे तीन गट असतात : एस ११, एस १२ आणि एस १३. ब्रेस्टस्ट्रोकसाठी एसबी आणि मेडलेसाठी एसएम लावतात, आकडे तेच. एस ११ म्हणजे अजिबात न दिसणारे किंवा जवळपास न दिसणारे. एस १३ मध्ये त्यातल्या त्यात जास्त दिसतं. आता एस ११ मध्येही एखाद्याला थोडा उजेड-अंधार कळू शकतो, दुसऱ्याला तेवढाही नाही. मग समान संधी द्यायची कशी? सगळ्यांनीच काळे केलेले गॉगल घालायचे. आत उजेडाची तिरीपही जाता कामा नये. रेस संपल्यावर पंच ते तपासूनही बघतात.

आता भिंत. फ्रीस्टाइलवाला वेगात येतो, दिसत काही नाही, समोर टाइल्स. वेग कमी केला तर रेस गेली, नाही केला तर डोकं आपटलं. म्हणून दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा असतो, त्याला म्हणतात टॅपर. त्याच्या हातात लांब काठी, काठीच्या टोकाला मऊ गोळा. खेळाडू भिंतीपासून ठरलेल्या अंतरावर आला की टॅपर त्याच्या डोक्यावर किंवा पाठीवर टप्पकन एक टपली मारतो. टपली बसली की पलटी मारायची किंवा हात लांबवून भिंत गाठायची. एस ११ साठी हे सक्तीचं आहे. एस १२ आणि १३ वाल्यांना हवं असेल तर.

टपली मारण्याचंही टायमिंग असतं. पाव सेकंद आधी मारली तर पोहणाऱ्याचे पाय पलटीत भिंतीपर्यंत पोचत नाहीत, तो पाण्यालाच लाथ मारतो. उशिरा मारली तर टाचा आपटतात, किंवा आणखी वाईट. पन्नास मीटरच्या तलावात चारशे मीटर म्हणजे आठ भिंती : सात वळणं आणि एक शेवट. आठही टपल्या अचूक बसायला लागतात. स्ट्रोक बदलला की टपलीचं गणितही बदलतं. बटरफ्लाय आणि ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही हात एकदम भिंतीला लागावे लागतात, बॅकस्ट्रोकला माणूस उताणा. म्हणजे या खेळात पदक एकाच्या गळ्यात पडतं, पण काठीवर कुणाचा तरी हात असतोच.

आणि सरळ जायचं कसं? लेनच्या दोरीला घासत. बरेच जण मुद्दाम एका बाजूला राहतात, म्हणजे हात किंवा खांदा मधूनमधून दोरीला लागून दिशा कळत राहते. फ्रीस्टाइलला ठीक आहे हो. बटरफ्लायमध्ये दोन्ही हात पसरून पूर्ण ताकदीनं फेकता, तेव्हा प्लॅस्टिकच्या त्या चकत्या काय करत असतील याचा विचार करा.

'काही झालं तर जबाबदारी कोणाची?'

हे सगळं मला आधी माहीत नव्हतं. मी स्पोर्ट्स रिपोर्टर नाही. माझी एक मैत्रीण आहे, एका बँकेत काम करते. पडद्याच्या आजारानं तिची नजर कॉलेजपासून हळूहळू कमी होत गेली, आता फक्त उजेडाचा अंदाज येतो. स्क्रीन रीडर लावून ती कॉम्प्युटरवर माझ्यापेक्षा फास्ट काम करते. दोन वर्षांपूर्वी एकदा कॉफी पिता पिता म्हणाली, "ए, मला स्विमिंग परत सुरू करायचंय गं. शाळेत असताना येत होतं की मला."

मी म्हटलं, त्यात काय! पुण्यात तलाव काय कमी आहेत?

पहिल्या तलावावरच्या मॅनेजरनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, काही झालं तर जबाबदारी कोणाची?" दुसऱ्यानं सांगितलं, तशी बॅच नाही आमच्याकडे. 'तशी' म्हणजे कशी ते त्यालाच ठाऊक. तिसऱ्या ठिकाणी लाइफगार्डच बोलला, "ताई, रिस्क नको. बाकीच्या मेंबर लोकांची कंप्लेंट येते." चौथ्या ठिकाणी मात्र एक वयस्क सर होते. त्यांनी मैत्रिणीलाच फोन द्यायला सांगितला. तोपर्यंत हे कुणीच केलं नव्हतं. तिला विचारलं, "श्वास कोणत्या बाजूला घेता?" ती म्हणाली, उजव्या. "मग कडेची लेन तुमची. दुपारी दोन ते तीन गर्दी नसते. पण सोबत कुणीतरी आणायचं."

सोबत कोण? मीच! शनिवारची दुपारची झोप गेली.

सरांनी अ‍ॅल्युमिनियमचा एक जुना पाइप आणला, टेनिसचा बॉल कापून त्याच्या टोकावर बसवला आणि वर टेप गुंडाळला. पहिल्या दिवशी तिच्या हातात देऊन म्हणाले, "आधी स्वतःच्या डोक्यावर मारून बघा. लागत नाही ना? मग झालं." पंचवीस मीटरचा तलाव. तिला एका फेरीला चोवीस हात लागायचे, ते ती मोजायची. मी बावीसला टपली मारायची असं ठरलं. ऐकायला सोपं वाटतं. पण प्रत्यक्षात माणूस अंगावर येत असतो, पाणी उडत असतं, डोकं क्षणभर बाजूला वळलेलं असतं, आणि नेमक्या त्या क्षणी काठी खाली आणायची असते. पहिल्या तासात माझ्या हाताला घाम फुटला होता. ती आपली आरामात.

थोडा वेळ मीही डोळे मिटून पोहून पाहिलं. दहाव्या हाताला आपण वाकडे गेलो असं वाटलं, पंधराव्या हाताला नक्की भिंत आली असं वाटलं आणि मी थांबून उभी राहिले. भिंत बरीच लांब होती. कडेवर बसून मैत्रीण विचारत होती, "काय गं, पोचलीस का?"

नागपूर, बर्लिन, मेक्सिको

परदेशातल्या स्टोऱ्या सांगितल्या की लोक म्हणतात, तिकडे सगळी सिस्टिम असते. मग आपल्याकडचं ऐका.

कांचनमाला पांडे मूळ अमरावतीची, जन्मापासून अंध, नोकरी नागपूरच्या रिझर्व्ह बँकेत. गट एस ११. जुलै २०१७ मध्ये बर्लिनला पॅरा स्विमिंगची स्पर्धा होती. तिथे पोचल्यावर कळलं की खर्चासाठी मंजूर झालेले सरकारी पैसे खेळाडूंपर्यंत आलेच नाहीत. परक्या शहरात, दिसत नसताना, खिशात पैसे नाहीत. उसनेपासने करून दिवस काढावे लागले. बातमी देशभर गाजली, अभिनव बिंद्रानंही ट्विटरवर आवाज उठवला. स्पोर्ट्स अ‍ॅथॉरिटी आणि पॅरालिम्पिक कमिटी, दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. कांचनमालानं या सगळ्यात काय केलं? रौप्यपदक जिंकलं आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपसाठी पात्र ठरली.

ती वर्ल्ड चॅम्पियनशिप मेक्सिको सिटीत व्हायची होती. १९ सप्टेंबर २०१७ रोजी तिथे मोठा भूकंप झाला आणि स्पर्धा डिसेंबरवर गेली. तारखा बदलल्यावर काही मोठ्या देशांनी संघच पाठवले नाहीत. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण नंतर काही जणांनी 'मग काय, सोपं झालं' असंही म्हणून घेतलं. अहो, ज्या संघांनी यायचं टाळलं ते टाळू शकत होते. हिला पुढची संधी मिळेल की नाही याचीच खात्री नव्हती. २०० मीटर वैयक्तिक मेडलेमध्ये तिनं सुवर्णपदक घेतलं. मेडले म्हणजे बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, फ्रीस्टाइल, प्रत्येकी पन्नास मीटर. वर सांगितलेली टपल्यांची चारही गणितं एकाच रेसमध्ये.

आपल्याकडे पॅरा स्विमिंग म्हटलं की पहिलं नाव सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांचं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. त्यांच्यावरचा 'चंदू चॅम्पियन' हा सिनेमा २०२४ मध्ये आला आणि मग अनेकांना ते माहीत झाले. मध्ये किती वर्षं गेली? बावन्न. कांचनमालाच्या नशिबी एवढं थांबणं नसावं एवढीच इच्छा.

प्रतिस्पर्ध्याचा कोच

स्नायडरचं पुढे काय झालं? २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये त्यानं ५०, १०० आणि ४०० मीटर फ्रीस्टाइलची तिन्ही सुवर्णपदकं जिंकली, वर बॅकस्ट्रोकचं रौप्य. १०० मीटरला ५६.१५ सेकंदांचा वर्ल्ड रेकॉर्ड केला. आधीचा रेकॉर्ड जॉन मॉर्गनचा होता, १९८६ चा! तीस वर्षं तो कुणाला हलवता आला नव्हता.

त्याच रिओत केइची किमुरा नावाचा जपानी स्विमर होता. दोन वर्षांचा असताना त्याची दृष्टी गेलेली. ५० मीटरला तो स्नायडरच्या मागे दुसरा आला. एकूण चार पदकं, दोन रौप्य, दोन कांस्य. सुवर्ण एकही नाही. दुसरा कुणी असता तर चार पदकांवर खूश होऊन घरी गेला असता. यानं काय करावं? स्नायडरच्याच ओळखीनं त्याच्या कोचकडे ट्रेनिंगला जायचं ठरवलं. २०१८ मध्ये इंग्रजी धड येत नसताना हा पठ्ठ्या एकटा बाल्टिमोरला जाऊन राहिला. अंध माणूस, परका देश, परकी भाषा. आणि ज्याला हरवायचं होतं त्यानंच दार उघडून दिलेलं. ऑफिसात आपण साधी एक्सेलची फाइल शेअर करताना दहा वेळा विचार करतो, म्हणून सांगितलं!

२०२१ मध्ये झालेल्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये, घरच्या मैदानावर, किमुरानं १०० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण जिंकलं. मेडल सेरेमनीत राष्ट्रगीत वाजायला लागल्यावर तो ढसाढसा रडला. झेंडा वर जाताना त्याला दिसत नव्हता. आपण जिंकलोय याचा त्याच्यासाठी पुरावा म्हणजे ते गाणं. पॅरिसला २०२४ मध्ये त्यानं आणखी दोन सुवर्ण घेतली, त्यातलं एक ५० मीटर फ्रीस्टाइलचं.

स्नायडर टोकियोत होता, पण ट्रायथलॉनमध्ये. आधी पोहणं, मग दोघांची सायकल, मग धावणं, आणि सोबत दोरीनं बांधलेला ग्रेग बिलिंग्टन हा गाइड. तिथेही सुवर्ण. पॅरालिम्पिक ट्रायथलॉनमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकणारा तो पहिला अमेरिकन पुरुष. 'आता वय झालं रे' म्हणणाऱ्यांसाठी : तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता.

एक मात्र सांगते. या लोकांबद्दल लिहिताना 'प्रेरणादायी' हा शब्द मी मुद्दाम टाळलाय. माझ्या मैत्रिणीला त्याचा मनापासून कंटाळा आहे. तिच्या ऑफिसात दर तीन डिसेंबरला, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाला, तिला गुलाबाचं फूल देतात आणि फोटो काढतात. तिला फूल नको आहे, लिफ्टमध्ये मजला बोलून सांगणारी यंत्रणा हवी आहे. तीन वर्षं मेल करतेय.

तुम्हाला टॅपर व्हायचंय?

होता येतं. पोहता यायलाच पाहिजे असं नाही, पण भीती वाटत नसलेली बरी. काठी हलकी हवी, दीड-दोन मीटरची. टोकाला काहीही मऊ चालतं, आम्ही टेनिसचा बॉल वापरतो. आधी जमिनीवर एकमेकांच्या पाठीवर टपली मारून जोर ठरवा. पोहणाऱ्याचे हात मोजा, त्याचे त्याला मोजू द्या आणि दोघांचे आकडे जुळतात का बघा. दमल्यावर एका फेरीचे हात वाढतात, त्यामुळे सुरुवातीचा आकडा शेवटपर्यंत चालत नाही. आकड्यापेक्षा भिंतीपासूनच्या अंतरावर नजर ठेवा. आणि टपली मारताना मोबाइल दुसऱ्या हातात नको. हे वाक्य सरांचं.

आमच्या त्या चौथ्या तलावावर आता शनिवारी दुपारी अजून दोघं येतात, एक आयटीतला मुलगा आणि एक बारावीची मुलगी. लेन एकच आहे, त्यामुळे नंबर लावावे लागतात. सरांनी दुसरा पाइप शोधून ठेवलाय. तो धरायला माणूस हवा आहे.